सातबारा खालून वर वाचावा

सातबारा हातात आला की माणसं आधी आपलं नाव शोधतात. सापडलं की कागदाची घडी खिशात जाते. तलाठी म्हणून रुजू झाले तेव्हापासून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त होईपर्यंत मी हेच पाहत आले. आजही रविवारी कुणी पिशवीत कागद घालून घरी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “मॅडम, नाव हाय की आमचं.” मी म्हणते, नाव राहू द्या, आधी तळ वाचा. सातबाराच्या तळाशी ‘जुने फेरफार क्र.’ असं लिहून पुढे कंसांत आकडे असतात. वरच्या प्रत्येक नावासमोरही एक आकडा असतो. ते नाव कुठल्या वाटेनं तिथं आलं, हे तो आकडा सांगतो. खरेदीनं आलं, वारसानं आलं, वाटणीनं आलं, की कुणाच्या तरी चुकीनं. वाट कळली नाही तर नुसत्या नावाचा भरवसा नाही.

याचं कारण जुनं आहे. हा कागद मुळात शेतकऱ्यासाठी काढलेला नव्हताच. १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्यानं पाहणी सुरू केली. तेहतीस फुटी साखळी ओढून शेतं मोजली, मातीची प्रत आण्यांत ठरवली, प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर दिला आणि त्यावर सारा बसवला. त्या साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा, ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. दप्तराला हवी होती ती एवढीच माहिती, की अमुक नंबरचा सारा कुणाकडून घ्यायचा. हक्कांची नोंद ठेवणारा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला. म्हणजे मोजणीनंतर दोन पिढ्यांनी.

आज १९६६ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू आहे. तिच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. या तीन शब्दांवर दिवाणी कोर्टातल्या वकिलांच्या पिढ्या जगल्या. महसुली नोंदीनं मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे. मालकी मिळते खरेदीखतानं, वारसानं, बक्षीसपत्रानं, कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. तलाठी फक्त त्याची नोंद घेतो. (आता तलाठ्याचं अधिकृत पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ आहे. गावात मात्र अजून भाऊसाहेबच. मी बाई असूनही मला कित्येक म्हातारे भाऊसाहेब म्हणत, आणि मीही ओ द्यायचे.)

आता कागद समोर ठेवा. वरचा भाग गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख. खालचा बारा, म्हणजे पिकांची नोंद. २०२१पासून ही पिकांची नोंद शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर करतो, त्यामुळे ऊस होता की पड होती यावरचं भांडण आता माझ्या वारसदारांच्या टेबलावर जरा कमी येत असावं. सातमध्ये क्षेत्र तीन आकड्यांत असतं. हेक्टर, आर आणि चौरस मीटर. ०.४०.४७ असं दिसलं तर तो एक एकर. आर आणि गुंठा जवळपास सारखे असल्यानं व्यवहारात लोक एकाला दुसरा धरून चालतात. एकरा-दोन एकरांत ते खपून जातं, पण दहा एकरांत चार-पाच गुंठ्यांचा फरक पडतो, आणि गावाशेजारच्या जागेला आज चार गुंठ्यांची किंमत काय असते ते मी सांगायला नको.

क्षेत्राजवळच पोटखराबा लिहिलेला असतो. त्यातला ‘अ’ म्हणजे खडकाळ, नापीक भाग, तो शेतकऱ्यानं कसला तर चालतो. ‘ब’ म्हणजे ओढा, रस्ता असा सार्वजनिक कामासाठी सोडलेला भाग. शेत विकत घेताना हा ‘ब’ पाहिला नाही म्हणून ओढ्याचे पैसे मोजलेली माणसं मला माहीत आहेत. शेजारी ‘आकार’ दिसेल, रुपये-पैशांत. माझ्या मंडळातल्या माळरानांवर चार एकरांचा वर्षाचा आकार तीन-चार रुपये असे. लोकांना त्याचं हसू येतं. सारा वसूल करायला निघालेल्या दप्तरातला सारा चहाच्या किमतीखाली गेला आणि दप्तर मात्र कोटींच्या जमिनीचा पुरावा होऊन बसलं.

कागदाच्या वरच्या अंगाला ‘भूधारणा पद्धती’ लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग १ असेल तर विकायला सहसा कुणाची परवानगी लागत नाही. वर्ग २ असेल तर थांबा. सरकारनं दिलेली जमीन, जुन्या वतनाची जमीन, कुळानं मिळवलेली जमीन यांवर बंधनं असतात. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळं कायद्यानं मालक ठरली. पुढे किंमत ठरली, हप्ते भरले गेले, प्रमाणपत्रं मिळाली. अशा जमिनीच्या इतर हक्कांत ‘कु.का. कलम ४३ ला अधीन’ असा शेरा असतो. विकत घेणाऱ्याला वाटतं ती जुनी शाईची खरड आहे. व्यवहार अडला की तिचा अर्थ कळतो.

‘इतर अधिकार’ हा रकाना तर नावांच्याही आधी वाचावा. सोसायटीचा बोजा, बँकेचं तारण, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथं असतं. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला आणून तो उतरवावा लागतो, आणि त्याचाही फेरफार होतो.

फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. गावातल्या प्रत्येक बदलाला ओळीनं क्रमांक. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की आता त्याची माहिती संगणकावरूनच तलाठ्याकडे येते. वारसासारख्या गोष्टींची वर्दी लोकांनी स्वतः द्यायची असते, हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतो. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. हातानं लिहिण्याच्या काळात प्रमाणित होईपर्यंत सातबारावर नवं नाव शिसपेन्सिलीनं लिहीत, आणि मंडळ अधिकाऱ्याची सही झाली की शाईनं. कमी झालेल्या नावाला कंस. जुन्या उताऱ्यांवर अजून एखादं पुसट, कधीच शाई न झालेलं पेन्सिलीतलं नाव सापडतं आणि त्या घरची मंडळी ते दाखवून हक्क सांगतात. त्या नोंदीचं पुढे काय झालं, रद्द झाली की राहून गेली, हे फेरफाराच्या पानावरच कळतं.

तर तळाच्या आकड्यांपैकी प्रत्येकाची नक्कल काढायची. ताज्यापासून सुरू करून मागे मागे जायचं. वाटेत एक अडथळा येतो. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली बहुतेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्याआधीचे फेरफार जुन्या सर्व्हे नंबरांवर आहेत, त्यामुळे सांधा तुटल्यासारखा वाटतो. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण योजनेचा ९(३)-९(४)चा उतारा मागायचा. कुठल्या सर्व्हे नंबराचा कुठला तुकडा कुठल्या गटात, कुणाच्या नावावर गेला, ते त्यात असतं. खिडकीवर हा आकडा नेमका उच्चारला की समोरच्या माणसाचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. त्याही मागचे कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात, आणि काही मोडीत. आता जुन्या अभिलेखांचं बरंच स्कॅनिंग झालं आहे आणि ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर ते पाहता येतात.

मागे मागे जाताना माणसं कुठं गळतात? माझ्या पाहण्यात दोन जागा.

पहिली जागा म्हणजे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला, तीन भाऊ, दोघं मुंबईला गिरणीत, थोरला गावी. मग सातबारावर थोरल्याचं नाव आणि त्यापुढे ए.कु.मॅ. अर्थ सरळ होता, की हा एकटा मालक नाही, सगळ्यांच्या वतीनं पाहतो. माणदेशात घरटी एक असा सातबारा असेल. १९८२च्या संपानंतर गिरणीतले गावी परतले तेव्हा कुणी सातबारा पाहिला नाही, कारण भाऊ जिवंत होता आणि शब्दाला किंमत होती. थोरला गेल्यावर त्याच्या मुलांची नावं लागली. मधे कधीतरी सातबाराचं पुनर्लेखन झालं. ठरावीक वर्षांनी नव्या वहीत उतरवत असत, पुढे संगणकात उतरवले. त्यात ही अक्षरं गळाली. नाव राहिलं. त्यापुढे पुतण्यांनी चुलत्यांना सांगितलं, “जमीन आमच्या बाची हाय, सातबारा बघा.”

इथं तळ कामाला येतो. ए.कु.मॅ. ही नोंद ज्या फेरफारानं आली तो काढला, आणि ती अक्षरं कमी करणारा फेरफार कुठंच सापडला नाही, तर ती नकलताना गळाली हे उघड आहे. अशा लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली तहसीलदारांकडे मागता येते. वाटणी झाली की नाही, कुणाला किती, हा वाद असेल तर मात्र दिवाणी कोर्ट. आता ‘ई-हक्क’ या ऑनलाइन सोयीत वारस, बोजा यांच्या जोडीला ए.कु.मॅ. नोंद कमी करण्याच्या अर्जाचाही पर्याय आहे. सरकारनं त्यासाठी वेगळा पर्याय ठेवला, यावरूनच हा प्रकार किती घरांत आहे ते ओळखा.

दुसरी जागा बहिणींची. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. निवृत्तीला आलेल्या, अक्षर मोत्यासारखं. वडील १९८७ला वारले. सातबारावर तिघे भाऊ. “माझं नाव कधी लागलंच नाही का, की लागून कमी झालं, एवढंच मला कळू दे,” त्या म्हणाल्या. फेरफाराची नक्कल काढली. वारस म्हणून तीन मुलगे आणि एक मुलगी, चौघांची नोंद होती. पुढे ‘मुलीने समक्ष जबाब देऊन हक्क सोडत असल्याचे सांगितले, सबब तिचे नाव दाखल केले नाही.’ खाली जबाब देणारीची निशाणी. डाव्या हाताचा अंगठा. बाई त्या वर्षी प्राथमिक शाळेत पाचवीला मराठी शिकवत होत्या आणि रोज हजेरीपटावर सही करत होत्या.

कायद्याचं बोलायचं तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंही मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा होताच. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली तिला एकत्र कुटुंबात जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. २०२०च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्या दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असो वा नसो, मुलीचा हा हक्क जन्मानं आहे. हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, तलाठ्यासमोरच्या जबाबानं ते भागत नाही. बहीण आनंदानं हक्क सोडते अशीही घरं आहेत, मी पाहिली आहेत. भावाकडून पंचमीची साडी आणि दिवाळीचं बोलावणं एवढंच तिला हवं असतं. तिनं ते समजून, सही करून सोडावं. अंगठा कुणाचा होता, हे चाळीस वर्षांनी शोधायला लागू नये.

वारसाची नोंद वेळेवर न करणं हा आपला राज्यव्यापी आळस आहे. आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी सातबारावर आजोबाच. २०२५ मध्ये सरकारला त्यासाठी ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज, एवढ्यावर होणारं हे काम आहे. भाऊ एकमेकांशी बोलतायत तोवर उरकून घ्यावं.

आता घराकडे येऊ, कारण तिथं गोंधळ वेगळा आहे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. लोक ग्रामपंचायतीचा आठचा उतारा आणतात आणि म्हणतात, हा घराचा सातबारा. तो कर आकारणीची नोंदवही आहे. नीट पाहा, त्यात मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव असे दोन वेगळे रकाने आहेत. ज्यांनी पंचवीस वर्षं घरपट्टी भरली त्यांची नावं पुष्कळदा दुसऱ्या रकान्यात असतात आणि पावत्यांची चळत छातीशी धरून ते हक्क सांगत असतात. पावती सांगते की कर भरला. पहिल्या रकान्यातलं नावसुद्धा पुरावा म्हणून तोकडंच, कारण ग्रामपंचायत मालकी तपासायला बसलेली नाही. घरपट्टी स्वतः कशी बसते तेही विचारून घ्या. इमारतीचं क्षेत्र, बांधकाम मातीचं की आरसीसीचं, वय किती म्हणून घसारा किती, वापर राहण्याचा की दुकानाचा, या सगळ्यांचा हिशेब करून मूल्य काढतात आणि त्यावर दर लावतात. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. तेव्हा यादी लागते आणि हरकती मागवतात. तुमचं पत्र्याचं शेड त्यात आरसीसी दाखवलं असेल तर तेव्हाच सांगायचं, जप्तीची नोटीस आल्यावर नव्हे. दिवाबत्ती, आरोग्य, पाणी हे वेगळे, पावतीवर एकेक ओळ असते.

गावठाणाची मोजणी बहुतेक लहान गावांत झालीच नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्रानं ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. ड्रोन येण्याआधी चुन्यानं हद्दी आखतात. त्या दिवशी पुण्या-मुंबईच्या भावकीनं गावी असावं. घरांच्या सामाईक भिंती, परसातली वाट, गोठ्याची जागा, सगळं त्या चुन्याच्या रेघेवर ठरतं. मोजणीनंतर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड निघतं. ते मात्र मालकीच्या दृष्टीनं वजनदार आहे.

शहरातल्यांनी हसू नये. सिटी सर्व्हे झालेल्या जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड निघतं आणि सातबारा बंद व्हायला हवा. काही ठिकाणी दोन्ही चालू राहिले आणि एकच जमीन दोन कागदांवर दोघांना विकली गेली. फ्लॅटवाले मिळकतकराचं बिल आणि इंडेक्स टू जपून ठेवतात, तेही योग्यच आहे. पुण्यात स्वतः राहत असाल तर करात चाळीस टक्के सवलत आहे, मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२पासून मालमत्ता कर माफ आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण इमारतीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे सोसायटीच्या सभेत विचारून पाहा. प्रॉपर्टी कार्डावर बिल्डर किंवा मूळ जमीनमालकच सापडेल, अशा सोसायट्या कितीतरी आहेत. इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की मग जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणासाठी, धावपळ.

सातबारा नुसता पाहायचा असेल तर ‘महाभूलेख’वर फुकट दिसतो. कामाला चालणारा, डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत मिळतो. खरेदीआधी सातबाराबरोबर आठ-अ काढा. त्यात एका माणसाच्या खात्यावरची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. विकणारा ज्या गटाबद्दल बोलत नाही तो गटही त्यात असतो.

आणि ‘आपली चावडी’ पाहायची सवय लावा. गावात चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा तिथं लागतात. पूर्वी त्या चावडीच्या भिंतीवर डकवत आणि पावसात भिजून जात. आता पुण्यात बसलेली मुलगी माहेरच्या गटावर कुठली नोंद धरली आहे ते पाहू शकते. हरकतीला पंधरा दिवस. नोंद प्रमाणित झाली तर प्रांतांकडे अपील, त्याला साठ दिवस. त्यानंतर विलंब माफीचा अर्ज करून, उशीर का झाला ते पटवावं लागतं. त्या शिक्षिकाबाईंनी पटवलं. उशीर माफ झाला, मूळ अपील चालू आहे, आणि प्रांतांनी अंगठ्याचा मूळ जबाब तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवला आहे.